कठड्याला हात लावून

४ फेब्रुवारी

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन आज चार महिने झाले, आणि मी ही वही उघडली आहे. पस्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं. स्वतःचं लिहायला बसल्यावर पहिलं वाक्य कुठून आणतात ते मला ठाऊक नाही, म्हणून सरळ आजचंच सांगते.

आज गणितीने मला समोर बसवून घेतलं आणि म्हणाला, "ताई, जूनपर्यंत. पुढे कागदालाही पैसे नाहीत." गणिती म्हणजे आमच्या पेपरचा व्यवस्थापक. हे नाव दादाने ठेवलेलं. हा माणूस चहाचा कप बशीच्या बरोबर मधोमध ठेवतो आणि वाईट बातमीही तशीच ठेवतो. माणूस वाईट नाही, त्याच्या वाट्याला कामच असलं आलंय.

नवीन असं काही घडलेलं नाही. पाणी कधी येणार, रस्ता बंद आहे का, कोण वारलं, हे लोक आता फोनला विचारतात आणि फोन सांगतो. फोनला कोण सांगतं? आमचा उरलासुरला एकच वार्ताहर, लंबू. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दोन-दोन तास उभा राहून बातमी आणतो, आम्ही ती सकाळी छापतो, आणि दुपारी कुठलंसं यंत्र ती आमच्या नावाशिवाय सगळ्यांना फुकट वाटतं. आयत्या बिळावर नागोबा. पण नागोबाला कोण काय बोलणार.

त्यात दादा गेला आणि 'सकाळची फेरी' बंद पडली. एकतीस वर्षं तो उजाडताच गावातून चक्कर मारायचा आणि दिसलं ते लिहायचा. त्याचा नियम एकच, हात लावल्याशिवाय लिहायचं नाही. नळाला पाणी नाही म्हणाले तर हा नळ फिरवून बघणार. दुकान कायमचं बंद झालं म्हणाले तर हा कुलूप हलवून बघणार. लोक हसायचे, पण फेरीसाठीच पेपर घ्यायचे. तो गेल्यापासून सातशे वर्गणीदार गेले. पेपरात आम्ही इतके जण होतो, आणि लोक त्या एकट्याच्या पायांचे पैसे देत होते.

११ फेब्रुवारी

गणितीने एका कंपनीचा माणूस आणला होता. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, तुमचे सगळे जुने अंक आमच्या यंत्राला वाचायला द्या, त्याचे आम्ही पैसे देऊ, आणि वर यंत्र रोज दादांच्या शैलीत फेरी लिहून देईल.

मी म्हटलं, "तो मेलाय."

"आम्हाला त्याची कल्पना आहे," तो म्हणाला. इतक्या अदबीने, की मलाच वाटलं मी काही वावगं बोलले.

त्याने नमुना आणला होता. गणितीने वाचून दाखवला. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर एक मांजर बसलं होतं आणि 'मीच त्याची वर्गणी थकवल्यासारखं ते माझ्याकडे बघत होतं', असं काहीतरी. मी उठून खिडकीपाशी गेले. दादाच बोलत होता. तोच ठेका, तोच तिरकस शेवट. गंमत म्हणजे असंच एक मांजर फार पूर्वी मी त्याच्या मजकुरात घुसडलं होतं, परिच्छेद तोकडा पडत होता म्हणून. दादाचं अक्षर वाकडं आणि वाक्यं त्याहून वाकडी. माल त्याचा, इस्त्री माझी. पण शैली म्हणाल तर ती त्याचीच. त्याच्यावाचून ती कुठून येणार?

लंबू दाराला टेकून उभा होता. त्याने विचारलं, "पण ताई, फेरी मारणार कोण?"

मी सही केली. दादाच्या मागे पेपर माझ्या नावावर आहे, म्हणून सही माझीच लागते.

२ मार्च

फेरी पुन्हा सुरू झाली. खाली एक ओळ टाकली आहे, 'यंत्राच्या साहाय्याने, दादांच्या शैलीत'. अक्षराचा आकार मीच निवडला. प्रूफ बघताना मला स्वतःला भिंग घ्यावं लागलं. हे इथे लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार?

९ मार्च

आज काकू आल्या होत्या.

काकू म्हणजे नदीवरच्या पायपुलाच्या पहारेकऱ्याची बायको. पहारेकरी मागच्या ऑगस्टमध्ये वारला, त्याची चार ओळींची चौकट आम्हीच छापली होती. पण त्याआधी एकतीस वर्षं तो दादाच्या फेरीत शेकडो वेळा उभा आहे. यंत्राने एका बाजूला ते शेकडो पहारेकरी वाचले, दुसऱ्या बाजूला ती एक चौकट, आणि काल लिहून टाकलं, 'पुलाच्या कठड्याला टेकून पहारेकरी उभा होता. मी हात वर केला, त्याने टोपी सारखी केली.' मी प्रूफ वाचलं होतं. वाचताना तो गेला आहे हे माझ्या डोक्यातही आलं नाही. इतकं ते रोजचं वाक्य.

काकूंच्या हातात कात्रण होतं. मला वाटलं, आता ही बाई मला उभं-आडवं घेणार, आणि घ्यावंच. मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"कुठल्या बाजूला उभे होते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पूल उतरताना डाव्या हाताला उभे राहायचे ते. उजवीकडे वारा लागतो. त्यांचा कान दुखायचा."

मी म्हटलं, "डावीकडेच असतील."

त्यांनी कात्रणाची घडी घातली, पदराच्या आत ठेवली. जाता जाता विचारलं, "उद्या पण असतील का?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हटलं, "असतील."

पलीकडच्या टेबलावर गणितीचं पेन थांबलं होतं. मी तिकडे बघितलं नाही.

२१ मार्च

त्याला 'भेट' म्हणायचं असं ठरलंय. एक छापील अर्ज आहे. आपल्या गेलेल्या माणसाचं नाव, तो सहसा कुठे दिसायचा, एखादी सवय. वर्गणीच्या दीडपट पैसे भरायचे, आणि आठवड्यातून दोनदा फेरीत तो दादाला भेटणार. गणितीने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "वाटते. पण लंबूचा पगार दोन महिने झाला नाही, त्याचीही वाटते." मी अर्जातल्या चुका काढायला घेतल्या.

पहिल्या आठवड्यात एकशे चाळीस अर्ज आले.

३ एप्रिल

आमचं गाव इतकं भरलेलं कधीच नव्हतं. चौकातल्या बाकावर शिंपी बसतो, तो सहा वर्षांपूर्वी गेला. पोस्टाच्या रांगेत तीन जण आहेत आणि तिघांचेही हप्ते भरलेले आहेत. एका शाळेच्या फाटकाशी एक मुलगी उभी असते, तिच्या आईने अर्जात सवय या रकान्यात लिहिलंय, 'दप्तर एकाच खांद्यावर घ्यायची'. ते प्रूफ मी वाचू शकले नाही. चूक असेल तर असो म्हणून तसंच सोडलं.

आज येताना चौकातल्या त्या बाकाच्या कडेला बसले, मधे नाही. मधली जागा शिंप्याची. दोन मिनिटांनी कळलं मी काय करतेय ते. तरीही मधे सरकले नाही.

आणि दादा तर सगळीकडेच. मी ऑफिसात पोचेपर्यंत तो सगळं गाव फिरून, सगळ्यांना भेटून, मजकूर देऊन मोकळा. लहानपणीही असंच असायचं. मी चपला शोधायची आणि हा वेशीपर्यंत जाऊन यायचा. घरात आता दोघांपुरता चहा होतो आपोआप. आधी असं होत नव्हतं, गेल्यावर लगेचसुद्धा नाही.

१८ एप्रिल

लंबूने बातमी दिली होती, पायपुलाच्या कठड्याची. तिसरा खांब बुडाशी गंजून गेलाय, हाताने हलवला तर हलतो. पालिकेत विचारलं तर म्हणाले, बघू. दहा ओळी.

पानात जागा होत नव्हती. फेरी आता अर्धं पान खाते आणि त्यातली एक ओळही कापता येत नाही, प्रत्येक ओळीचे कुणीतरी पैसे भरलेत. मी लंबूला म्हटलं, उद्या घेऊ.

तो म्हणाला, "ताई, मी हात लावून आलोय."

म्हटलं, "उद्या म्हटलं ना."

त्याच पानावर फेरीत होतं, 'नेहमीसारखा कठड्यावर हात टेकून पाण्याकडे बघत उभा राहिलो.' हे वाक्य दादाने आयुष्यात पाचशे वेळा लिहिलं असेल. मजकुरात चूक काहीच नव्हती. मी बरोबरची खूण केली.

लंबूचा पगार आज पूर्ण झाला. मागचाही. त्याने पाकीट न मोजता खिशात घातलं.

२५ एप्रिल

बातमी अजून टेबलावरच आहे. लंबू रोज ती उचलून माझ्या कपाखाली ठेवतो. टोमणा मारायची त्याची रीत. आज बावीस नवे अर्ज.

काकू रोज पुलावर जातात म्हणे, फेरीतल्या वेळेला. लंबूने सांगितलं. डाव्या हाताला उभ्या राहतात, पाच-दहा मिनिटं, आणि भाजी घेऊन परत. मला वाटलं, चला, बाईला तेवढंच बरं वाटतंय.

६ मे

कठडा गेला. काकू त्याच्याबरोबर खाली गेल्या.

सकाळी नऊला फोन आला. खाली पाणी कमी आणि गाळ जास्त, म्हणून जीव वाचला. खुबा मोडलाय. एका दूधवाल्याने बाहेर काढलं.

आजच्या अंकातली ओळ, 'पहारेकरी आज कठड्याला टेकून उभा होता. जुन्या लोखंडाचं काम, पिढ्या जातील पण हलायचं नाही.'

लंबूची बातमी कपाखाली होती. तिच्यावर चहाची पंधरा वर्तुळं आहेत. मी मोजली.

११ मे

पाच दिवस धीर झाला नाही. आज गेले.

दवाखान्यात आठ खाटांची खोली, काकू खिडकीच्या बाजूला. एवढ्याशा दिसत होत्या. मी वाटेत सगळं ठरवून गेले होते आणि बसल्याबसल्या बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा 'असतील' म्हणून बसले असते.

"काकू, फेरी दादा लिहीत नाही. दादा गेला. यंत्र लिहितं. ते पुलावर जात नाही, कुठेच जात नाही. तुमचे यजमान त्याला दिसले नाहीत."

त्यांनी उशीवरून मान उचलली. मग म्हणाल्या, "अगं, मग मी काय खुळी आहे का? शेवटचे आठ दिवस त्यांची कूस मी बदलत होते. ते गेले हे मला कुणी पेपरात सांगायला पाहिजे होय?"

"मग रोज कशाला जात होता?"

"दोन ओळी यायच्या ना त्यांच्या. आता त्यांचं नाव काढतंय कोण? मुलगा काढत नाही. खोटं होतं, पण माझ्या सोयीचं होतं. वाचायचं, तिथे जाऊन उभं राहायचं. माझं मी समजून होते."

नर्स येऊन गेली. काकूंनी तिला पाय सरळ करू दिला, तोंडातून आवाज काढला नाही. मग मला म्हणाल्या, रागाने नाही, नुसतंच सांगितल्यासारखं,

"कठड्याचं मात्र मला माहीत नव्हतं. तुम्ही लिहिता, दादा रोज हात टेकतात म्हणून. दादा नसले तरी तुमच्यातलं कुणीतरी हात लावून बघत असेल असं वाटलं. म्हणून टेकले."

बाहेर आल्यावर चपला उलट्या पायांत घातल्या होत्या.

१२ मे

मेलेली माणसं फेरीत भेटतात, तेवढ्यासाठीच लोक पेपर घेतात, असं मी धरून चालले होते. पैसे मेलेल्यांचे होते. पण विश्वास होता तो नळाचा, कुलपाचा, कठड्याचा. दादाने एकतीस वर्षं हात लावून लावून तो जमवला आणि आम्ही दोन महिन्यांत विकून खाल्ला. त्यातही विकणारी मी. यंत्राला काय कळतंय, त्याने फक्त वाचलं. सही माझी आहे.

१४ मे

गणितीशी भांडण. भांडण कसलं, तो ओरडत नाही, त्यामुळे माझं ओरडणं मलाच ऐकू येत होतं.

"ताई, फेरी बंद केली तर जूनमध्ये आपण बंद."

"माहीत आहे."

"माणसं आपल्या मेलेल्यांसाठी पैसे देतात. पुलाच्या कठड्यासाठी कोण देणार?"

"ते मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय. उद्या मी फेरी मारणार. लंबूची बातमी पहिल्या पानावर, तारखेसकट. अठरा एप्रिलला आमच्या हातात होती आणि आम्ही छापली नाही, हे त्यात येणार. भेटीचे उरलेले पैसे परत."

त्याने कप बशीवरून उचलला आणि कडेला ठेवला. पहिल्यांदाच. म्हणाला, "परत करायला आहेत का, ते बघतो."

१५ मे

उजाडताच निघाले. पाय दुखतात, एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात मी खुर्ची सोडून काम केलेलं नाही. नळ फिरवला. शाळेचं फाटक ढकलून पाहिलं. पुलावर गेले, दोरी बांधली आहे, तिच्याअलीकडचे सगळे खांब एकेक करून हलवले. एक माणूस सायकल थांबवून बघत होता. म्हणाला, "काही हरवलंय का?"

म्हटलं, "बघतेय काय काय राहिलंय ते."

घरी येऊन लिहिलं. अर्ध्या तासात झालं, याचं मला नवल वाटलं. लिहिलंय की दादाच्या मजकुराला इतकी वर्षं मी नुसती इस्त्री करत होते, आता चालतेही मीच आहे, चुकले तर मला धरा. खाली माझं नाव, भिंग न लागणाऱ्या अक्षरात.

२० मे

तीनशे दहा जणांनी वर्गणी बंद केली. मला वाटलं होतं पुलावरून रागावतील. त्यावर कुणी बोलतच नाही. भेटी बंद केल्या म्हणून रागावलेत.

आज एक माणूस आला, माझ्याच वयाचा. अर्जाची पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "माझे वडील एकदा गेले होते. तुम्ही त्यांना परत आणलंत आणि परत मारलंत." मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "चुकलं म्हणू नका. पुन्हा छापा." आणि रडायला लागला. लंबूने त्याला खाली नेऊन चहा पाजला.

दप्तरवाल्या मुलीच्या आईचं काहीच आलेलं नाही. ना पत्र, ना माणूस. मी रोज टपाल बघते.

२ जून

काकूंना घरी सोडलं. त्यांनी मुलाबरोबर वर्षाची वर्गणी पाठवली. सोबत चिठ्ठी आहे, 'पुलाचं रोज सांगत जा. बाकीचं मी बघते. लिहिणं अगदी दादांसारखं आहे, फरक कळत नाही.'

असणारच. एकतीस वर्षं त्याचंच वाचलं, अंगवळणी पडलं असेल. माझं स्वतःचं असं काही नाही त्यात. तरी चिठ्ठी वहीत ठेवली आहे.

काकूंच्या गल्लीतल्या अकरा घरांनी मिळून पैसे भरलेत, अट एवढीच की फेरी आठवड्यातून एकदा त्यांच्या गल्लीतून जावी. आज आणखी दोन गल्ल्यांनी विचारलं. लंबू म्हणतो, मी अर्धं गाव घेतो, ताई, तुमच्या गुडघ्यांचं काही खरं नाही. गणितीने कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. म्हणाला, "जून नाही. सप्टेंबर."

"पुढे?"

"पुढचं पुढे."

त्याच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच ऐकलं.

९ जून

एक गोष्ट इथेही लिहिली नव्हती. यंत्राची फेरी अजून येते. करार महिनाअखेरपर्यंत आहे, त्यामुळे रोज सकाळी साडेपाचला मजकूर ऑफिसच्या पत्त्यावर येऊन पडतो. छापत नाही. पण निघण्याआधी वाचते. मोडत नाही ती सवय.

आमचे रोजचे अंक अजून त्याच्याकडे जातात. माझ्या फेऱ्याही त्याने वाचल्या असणार. आज त्याने लिहिलं होतं, 'पुलावर धाकटी बहीण दिसली. वाकून खांब हलवून बघत होती. मी हात वर केला. तिने वर पाहिलं नाही, तिचं काम चाललं होतं.'

जिवंत कोण आणि गेलेला कोण, हे त्या यंत्राला कळत नाही. हे मला कुणी समजावून सांगायला नको. काकूंना जेवढं माहीत होतं तेवढं मलाही माहीत आहे. तरी चपला सापडायला वेळ लागला.

पुलावर पोचले. नवा कठडा अर्धा झालाय, रंग ओला आहे. तिसऱ्या खांबाशी वाकले, हलवला, पक्का आहे. मग मान वर केली आणि डाव्या हाताला बघितलं.

कुणी नव्हतं.

मग पुढचा खांब हलवून पाहिला. जुना आहे, तो त्यांनी बदललेला नाही, आणि बुडाशी किंचित हलतो. उद्याच्या अंकात घेते आहे.